पडद्यावर ४८ किलो, काट्यावर ६४: कॅडमधलं वजन चुकतं कुठे?

नव्या इलेक्ट्रिक गाडीची बातमी आली की बॅटरी केवढी, रेंज किती याच्या जोडीला आता वजनही विचारलं जातं. ते साहजिकच आहे, कारण गाडी जड झाली की तेवढ्याच बॅटरीवर ती कमी पळणार. पण गाडीचा पहिला नमुना उभा राहण्याच्या कितीतरी आधी कंपनीत तिच्या वजनावर बैठका झालेल्या असतात. जी वस्तू अजून बनलेलीच नाही, तिचं वजन कळतं कसं? पुण्यात तर चाकण, भोसरी किंवा हिंजवडीला डिझाइनचं काम करणारं कुणी ना कुणी ओळखीत असतंच, त्यामुळे दुसरा प्रश्नही कानावर येतो. मॉडेलमध्ये वजन एक होतं आणि तयार जॉब, म्हणजे बनवलेला भाग, काट्यावर भलताच भरला, हे कसं झालं?

हे समजायला इंजिनिअर असण्याची गरज नाही. गुणाकार आणि बेरीज एवढंच पुरतं.

संगणक वजन करत नाही

कॅड म्हणजे यंत्राचे भाग संगणकावर त्रिमितीत काढण्याचं सॉफ्टवेअर. एक सुटा भाग म्हणजे पार्ट. असे अनेक पार्ट जागच्या जागी बसवून झालेली जुळणी म्हणजे असेंब्ली. एका दुचाकीच्या असेंब्लीत शेकडो पार्ट असतात, मोटारीत हजारो.

पार्ट काढला की त्याने किती जागा व्यापली, म्हणजे त्याचं आकारमान, सॉफ्टवेअर अचूक काढतं. त्याला घनतेने, म्हणजे त्या पदार्थाच्या एक घन सेंटिमीटर तुकड्याच्या वजनाने, गुणलं की पार्टचं वजन मिळतं. साध्या पोलादाची घनता ७.८५ ग्रॅम धरतात, अॅल्युमिनियमची २.७, पितळेची सुमारे ८.५. समजा ६०० मिमी लांब, ४०० मिमी रुंद आणि २५ मिमी जाड प्लेट आहे. आकारमान ६००० घन सेंटिमीटर. पोलादाची असेल तर ४७.१ किलो, अॅल्युमिनियमची असेल तर १६.२ किलो. आकार तोच, पडद्यावर दिसायलाही फारसा फरक नाही, पण वजन जवळजवळ तिप्पट.

असेंब्लीचं वजन म्हणजे सगळ्या पार्टांच्या वजनांची बेरीज. यापलीकडे सॉफ्टवेअर काहीही करत नाही.

वाण्याच्या यादीसारखंच हे आहे. यादीत पोहे, तूप, हळद, वेलदोडे, सगळ्यांची मापं नीट लिहिलेली आहेत, पण काही ओळींत भावाचा रकाना रिकामा राहिला आणि हिशेब करणाऱ्याने तिथे सरसकट पोह्यांचा भाव धरला. गुणाकार बरोबर, बेरीज बरोबर, आणि खाली आलेला आकडा मात्र चूक. कॅडमध्ये माप म्हणजे आकारमान आणि भाव म्हणजे घनता. माप सहसा चुकत नाही, कारण ते डोळ्यांना दिसतं. भाव दिसत नाही.

भावाचा रकाना रिकामा राहिला तर

पार्टला कुठला पदार्थ लावायचा, म्हणजे मटेरियल, हे माणसाने निवडायचं असतं. ते न निवडल्यास सॉलिडवर्क्ससारख्या बऱ्याच वापरातल्या सॉफ्टवेअरमध्ये घनता १ धरली जाते, म्हणजे पाण्याची. वरची ४७ किलोंची प्लेट मग ६ किलोंची होते. काही सॉफ्टवेअरमध्ये मुळातच पोलादाजवळची घनता भरलेली असते, तिथे उलट फसगत होते: प्लॅस्टिकचं झाकण लोखंडाच्या भावाने मोजलं जातं.

सगळे पार्ट असेच राहिले तर चूक लगेच लक्षात येते. पोलादी यंत्राचं वजन आठवा हिस्सा दिसलं तर कुणीही थांबेल. खरा धोका आहे तो निम्म्या-अर्ध्या भरलेल्या यादीत.

यात एक गोष्ट क्वचित बोलली जाते. प्लॅस्टिकच्या कामात मटेरियल लावण्याची सवय सर्वांत जास्त बिघडते. एबीएस या प्लॅस्टिकची घनता १.०५ च्या आसपास, नायलॉनची १.१४ च्या आसपास. मटेरियल लावायला विसरलं तरी आकडा जवळपास बरोबर येतो, त्यामुळे विसरल्याचं कळतच नाही. वर्षानुवर्षं चालून जातं. मग एक दिवस त्याच पार्टात पितळेचे इन्सर्ट, म्हणजे आत बसणारे छोटे तुकडे, बसवले जातात, तेही मटेरियलविना, आणि तिथे वजन साडेआठ पटींनी कमी धरलं जातं. मोल्डिंगमधून मशीन डिझाइनकडे आलेल्या मुलामुलींना ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगायला हवी.

मटेरियल सगळ्यांना लावलं की झालं ना?

नाही. मटेरियल हा पहिला दरवाजा, त्यापुढे आणखी आहेत. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ.

फिक्स्चर म्हणजे मशीनवर जॉब पक्का धरून ठेवणारी जोडणी. आपल्या फिक्स्चरचा बेस म्हणजे वरचीच ४७.१ किलोंची प्लेट, तिला मटेरियल व्यवस्थित लावलेलं. तिच्यावर ५० बाय ५० चे, १२० मिमी उंचीचे चार पोलादी खांब. प्रत्येकाचं आकारमान ३०० घन सेंटिमीटर, म्हणजे २.३५५ किलो, चारांचे ९.४२. पण खांब घाईत काढले, मटेरियल राहिलं, म्हणून सॉफ्टवेअर चारही मिळून १.२ किलो धरतं. खांबांना बाजूने चार हायड्रॉलिक क्लॅम्प, म्हणजे जॉब दाबून धरणाऱ्या पकडी. ते विकत आणायचे, कॅटलॉगात प्रत्येकी १.८ किलो. त्यांचं मॉडेल पुरवठादाराकडून आलेल्या फाइलमधून घेतलं.

इथे दुसरी खोच आहे. बाहेरून आलेली फाइल उघडताना काही वेळा वस्तूचे पृष्ठभाग येतात, पण ते एकमेकांना पूर्ण जुळत नाहीत. कुठेतरी केसाएवढी फट राहते. पडद्यावर क्लॅम्प हुबेहूब दिसतो, पण सॉफ्टवेअरच्या दृष्टीने तो बंद झालेला नाही, म्हणून त्याला आतली बाजूच नाही. आतली बाजू नाही म्हणून आकारमान शून्य, आणि आकारमान शून्य म्हटल्यावर कितीही चांगलं मटेरियल लावा, वजन शून्यच.

आता बेरीज करा. पडद्यावर ४७.१ अधिक १.२ अधिक ०, म्हणजे ४८.३ किलो. प्रत्यक्षात ४७.१ अधिक ९.४२ अधिक ७.२, म्हणजे ६३.७ किलो. बोल्ट आणि डॉवेल, म्हणजे भाग जागेवर नेमके बसवणाऱ्या पिना, अजून धरलेलेच नाहीत. अठ्ठेचाळीस किलोंचं फिक्स्चर म्हटलं तर कुणाला खटकेल? कुणालाच नाही. हा आकडा शहाण्यासुरत्या आकड्यासारखा दिसतो, आणि म्हणूनच तो ड्रॉइंगवर छापला जातो.

याशिवाय पार्ट हिशेबातून बाहेर पडण्याच्या आणखी वाटा आहेत. काम करताना मध्ये येणारा पार्ट तात्पुरता दडवतात, याला हाइड म्हणतात. तो असेंब्लीत असतो, फक्त दिसत नाही. वजन काढताना दडवलेले पार्ट धरायचे की नाहीत याची वेगळी खूण असते, आणि ती कशी ठेवली आहे ते बघायला हवं. सप्रेस केलेला पार्ट मात्र त्या वेळेपुरता असेंब्लीत नसतोच, त्याचं वजन मोजलं जात नाही. मोठ्या असेंब्ली लवकर उघडाव्यात म्हणून काही पार्ट अर्धवट माहितीनिशी उघडण्याचीही सोय असते. तेव्हा वजन ताजं आहे की मागच्या वेळचं, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एकाच फाइलमध्ये पार्टचे दोन प्रकार ठेवलेले असले, एक पोलादी, एक अॅल्युमिनियमचा, तर असेंब्लीत भलताच प्रकार बसू शकतो. आणि जुना पार्ट ‘सेव्ह अ‍ॅज’ करून नवा बनवला की जुनं मटेरियलही गुपचूप सोबत येतं. ड्रॉइंगवर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, लिहिलेलं, मॉडेलमध्ये पोलाद. बिडाची घनता ७.२ धरली तर इथेच ९ टक्के फरक पडला.

हाताने लिहिलेला आकडा

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ओव्हरराइडची. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये सोय असते: हिशेब बाजूला ठेवून पार्टचं वजन स्वतः टाइप करता येतं. सोय योग्यच आहे. मोटर, गिअरबॉक्स, पंप यांच्या आत काय काय आहे ते आपण काढत बसत नाही. कॅटलॉगातलं वजन टाकायचं आणि पुढे जायचं.

पण टाइप केलेला आकडा पुढे हलत नाही. संकल्पनेच्या टप्प्यावर कुणीतरी ब्रॅकेटला अंदाजे ३ किलो लिहिलं. पुढे त्या ब्रॅकेटला मजबुतीसाठी रिब, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, आल्या, जाडी वाढली, भोकं पडली, तरी ते ३ किलोच राहतं. मॉडेल वाढत जातं, आकडा जागच्या जागी. ज्याने लिहिला तो दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. बाकीच्या चुका मॉडेल नीट पाहिलं तर सापडतात. ही सापडायला त्या पार्टच्या वजनाची खिडकी मुद्दाम उघडावी लागते, आणि हजार पार्टांत ती कोण उघडतं?

ओव्हरराइड न केल्यास उलटी चूक होते. आपल्या फिक्स्चरला आता एक मोटर लावू. बाहेरून तिचा आकार १३० मिमी व्यासाचा, २०० मिमी लांबीचा. तेवढाच भरीव दंडगोल काढला आणि पोलाद लावलं तर २०.८ किलो. कॅटलॉगात ती समजा ८ किलोंची आहे, कारण आत तांबं, पत्र्याच्या चकत्या आणि बरीचशी हवा असते. पडद्यावर एकूण ६९.१ किलो, प्रत्यक्षात ७१.७. फरक अवघा अडीच किलोंचा!

म्हणजे तीन मोठ्या चुका होऊन बेरीज जवळपास बरोबर आली. तपासणाऱ्याने काट्याशी ताडून पाहिलं तर तो समाधानाने मान डोलावेल. एकूण वजन जुळलं म्हणजे मॉडेल बरोबर आहे, असं मानणं धोक्याचं आहे ते यासाठी.

दोन-चार किलोंनी असं काय बिघडतं?

वजनाबरोबर सॉफ्टवेअर आणखी एक गोष्ट काढतं, गुरुत्वमध्य. म्हणजे सगळं वजन जणू जिथे एकवटलं आहे असा बिंदू. पुन्हा मोटरविना फिक्स्चरकडे येऊ. क्लॅम्पचा गुरुत्वमध्य तळापासून १०० मिमीवर धरला, तर खऱ्या वजनांनी फिक्स्चरचा गुरुत्वमध्य तळापासून ३३ मिमीवर येतो. चुकीच्या वजनांनी तो १४ मिमीवर दिसतो. वजन २४ टक्क्यांनी चुकलं, पण उंची निम्म्याहून कमी दाखवली गेली. उंचीऐवजी ही चूक आडवी झाली, म्हणजे खांब आणि मोटर एकाच बाजूला असले, तर आय बोल्टची, म्हणजे उचलण्यासाठी बसवलेल्या कडीची, जागा चुकते. क्रेनने उचलताना वस्तू तिरकी होते. खाली माणसं उभी असतात.

रोबोच्या बाबतीतही तेच. रोबो किती वजन पेलेल हा आकडा मनगटापासून ठरावीक अंतरासाठी दिलेला असतो. ग्रिपर, म्हणजे रोबोच्या टोकाची पकड, हलका समजून रोबो निवडला आणि ग्रिपर जड निघाला, की वेग कमी करावा लागतो किंवा मोठा रोबो घ्यावा लागतो.

आणि पैसा. भोसरीतल्या छोट्या फाउंड्रीला किंवा फॅब्रिकेशन शॉपला कोटेशन अनेकदा किलोवर द्यावं लागतं. ड्रॉइंगवरचं वजन खरं मानून त्यांनी भाव दिला आणि माल जास्त लागला, तर तो खर्च बहुतेक वेळा ज्याने मॉडेल काढलं त्याच्या खिशातून जात नाही. तो शॉपवाल्याच्या खिशातून जातो. मला हा भाग अन्यायाचा वाटतो, आणि कॅड शिकवणाऱ्या क्लासांमध्ये यावर एक तास जरी बोललं गेलं तरी खूप होईल.

घनतेचा भाव चुकल्याची जगात गाजलेली घटना कॅडमधली नाही, पण हिशेब हाच आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ विमानाचा इंधनमापक बंद होता, म्हणून इंधन लिटरमध्ये मोजून त्याचं वजन हिशेबाने काढलं. एका लिटर इंधनाचं वजन सुमारे ०.८ किलो असतं. वापरला गेला १.७७ हा आकडा, जो पौंडांचा होता. लागणार होतं त्याच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं, हवेतच इंधन संपलं, आणि वैमानिकांनी ते गिम्ली इथल्या जुन्या हवाई तळावर इंजिनाविना तरंगत उतरवलं. सर्व ६९ जण वाचले.

स्पेनच्या एस-८० पाणबुडीची गोष्ट महागाची ठरली. २०१३ मध्ये कळलं की ती ७५ ते १०० टनांनी जड होते आहे, म्हणजे पाण्याखाली गेल्यावर पुन्हा वर येण्याची खात्री नाही. आराखडा बदलून सांगाडा सुमारे १० मीटरने लांबवावा लागला, आणि पहिली पाणबुडी नौदलाला मिळायला २०२३ उजाडलं.

मग सरळ काट्यावर ठेवा ना

ठेवायचंच आहे. वाहनाला मान्यता मिळताना ते प्रत्यक्ष मोजलं जातं. कोथरूडच्या टेकडीवरच्या एआरएआयमध्ये, म्हणजे १९६६ पासूनच्या आपल्या वाहन संशोधन संस्थेत, पडद्यावरचा आकडा चालत नाही. २०१७-१८ पासून लागू झालेल्या कारच्या इंधन-कार्यक्षमतेच्या नियमांत तर कंपनीचं लक्ष्यच तिच्या गाड्यांच्या सरासरी वजनावरून ठरतं.

पण काटा येतो शेवटी. तोपर्यंत स्प्रिंग, ब्रेक, मोटर, क्रेन, रोबो, सगळं निवडून झालेलं असतं, डाय, म्हणजे भाग घडवण्याचा साचा, कापलेली असते. त्या वेळी कळलेलं वजन खरं असतं, पण उपयोगाचं उरत नाही.

सॉफ्टवेअरनेच का सांगू नये?

काही प्रमाणात ते सांगतं. मटेरियल न लावलेल्या पार्टपुढे तशी नोंद दिसते, सगळ्या पार्टांचं वजन आणि घनता एका तक्त्यात काढता येतं. पण खांब पोलादाचा हवा की अॅल्युमिनियमचा, हे त्याला कुठून कळणार? अॅल्युमिनियमचा खांब ही चूक नाही, तो एक निर्णय असू शकतो. तुमच्या मनात काय होतं हे फाइलमध्ये लिहिलेलं नसतं.

चूक पकडायची कशी

सर्वांत स्वस्त उपाय भागाकार हा आहे. असेंब्लीचं वजन भागिले आकारमान. आपल्या पहिल्या फिक्स्चरमध्ये ४८.३ किलो भागिले ७२०० घन सेंटिमीटर, म्हणजे सरासरी घनता ६.७. पूर्ण पोलादी फिक्स्चरची सरासरी ७.८५ च्या जवळ यायला हवी. ६.७ आली म्हणजे कुठेतरी भाव चुकला. अर्धं मिनिट लागतं.

मात्र या भागाकाराने क्लॅम्प सापडत नाहीत, कारण त्यांचं वजनही शून्य आणि आकारमानही शून्य. त्यांच्यासाठी तक्ता काढून वजनानुसार लावायचा आणि तळाशी बघायचं. तिथे शून्य दिसलं की फाइल उघडायची. घनतेनुसार लावला की नेमकी १००० घनता दाखवणाऱ्या ओळी एकत्र येतात. प्रति घनमीटर किलोंमध्ये पाण्याची घनता तेवढी असते. आणि ज्या पार्टची घनता कुठल्याच ओळखीच्या पदार्थाशी जुळत नाही, तिथे कुणीतरी वजन हाताने लिहिलेलं असण्याची शक्यता मोठी.

तक्त्याच्या वरच्या टोकाचे चार-पाच सर्वांत जड पार्ट कागदावर स्वतः गुणून पाहावेत. बहुतेक यंत्रांत निम्म्याहून जास्त वजन तेवढ्यातच असतं.

काही चुकांच्या मागे मात्र लागू नये. बोल्ट भरीव काढलेला आणि त्याच्या आट्यांचं भोक लहान काढलेलं, त्यामुळे दोघांचा थोडा भाग दोनदा मोजला जातो. एम १० चा बोल्ट २० मिमी आत गेला तर हा फरक साडेतीन ग्रॅमही नाही. दोनशे बोल्टांमागे पाऊण किलोच्या आत. विमान बनवत नसाल तर सोडून द्या.

मॉडेल बिनचूक असलं तरी?

तरीही काटा वेगळं सांगणार. २ मिमीचा पत्रा १.९ भरला की ५ टक्के गेले. ओतीव भागाची जाडी साच्यानुसार बदलते. वेल्डिंग, रंग, वायरी, ग्रीस मॉडेलमध्ये सहसा नसतात. गिअरबॉक्समधलं ४ लिटर तेलच साडेतीन किलोंच्या आसपास जातं. म्हणून ड्रॉइंगवर ‘४८.३१७ किग्रॅ’ असं तीन दशांश स्थळांपर्यंत छापलेलं वजन पाहिलं की त्यावर अधिक विश्वास ठेवण्याचं काही कारण नाही. सॉफ्टवेअर दशांश स्थळं हवी तेवढी देतं.

विमान उद्योगात वजनाचा हिशेब ठेवणारे लोक प्रत्येक आकड्यापुढे तो कुठल्या प्रकारचा आहे हे लिहितात: अंदाजाने धरलेला, मॉडेलवरून काढलेला, की प्रत्यक्ष मोजलेला. काम पुढे सरकतं तसे पहिल्या प्रकारचे आकडे कमी होत जातात आणि तिसऱ्या प्रकारचे वाढतात. पुण्यातल्या कुठल्याही टूलरूमला हे उद्यापासून करता येईल. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात वजनाची चौकट असतेच, तिच्यात एक अक्षर वाढवायचं: अं, का किंवा मो. पहिला जॉब काट्यावर चढला की तो आकडा मॉडेल काढणाऱ्याकडे परत पाठवायचा, आणि ‘का’ खोडून ‘मो’ लिहायचं. कोटेशन देणाऱ्या शॉपनेही चौकटीत अक्षर नसलं तर भाव देण्याआधी विचारून घ्यावं: हे वजन कशावरून?